लक्ष्मीच्या तसबिरीवरचा ठिपका

अळवावर पाणी ठरत नाही, हे आम्हाला म्हणीने शिकवलं नाही. आमच्या घरी न्हाणीचं पाणी पाटाने मागीलदारी जाई. तिथे केळी, आणि केळींच्या पायाशी अळूचं रान. श्रावणातली सर थांबली की प्रत्येक पानाच्या खोलगट मध्यावर एकेक थेंब पाऱ्यासारखा डुलत बसलेला असे. पान जरा कलतं केलं की थेंब घरंगळून जाई आणि पान ठणठणीत कोरडं.

दादाने, म्हणजे माझ्या चुलत भावाने, एक दिवस पानावर अंगठा दाबून चार-पाचदा घासला आणि मग वर पाणी शिंपडलं. घासलेल्या जागी थेंब अडकला. पान उभं धरलं तरी पडेना. पुढचे आठ दिवस आम्ही पानापानावर नावं लिहीत होतो. कोरड्या पानावर पाहावं तर फारसं काही दिसायचं नाही, जरासा काळपट माग. तांब्याने पाणी ओतलं की बाकीचं सगळं पळून जाई आणि घासलेल्या रेघांपुरते बारीक बारीक थेंब मागे राहत. आपलं नाव पाण्याने लिहिलेलं बघणं ही भलतीच मोठी गोष्ट होती. आजी पडवीतून ओरडायची, "अगो, हात खाजतील, मग येशील आमसुलं चोळायला!" हात खाजायचेच. आमसुलंही चोळायला लागायची.

अळवावरचं पाणी म्हणजे क्षणभंगुर, हा अर्थ मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि कळल्यावर जराशी नाराजीच झाली. म्हण करणाऱ्याने पान अंगठ्याने घासून पाहिलेलं नव्हतं.

पानाचं गुपित असं. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे सूक्ष्म कण. पाणी त्या उंचवट्यांच्या टोकांवर टेकतं. खाली हवाच असते. थेंब एखाद्या खाटेवर झोपल्यासारखा, पानाला जेमतेम शिवलेला. त्यामुळे तो घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली हे नीट मांडलं आणि जगाने त्याला कमळाचं नाव दिलं. अळूचं दिलं असतं तर आम्हा कोकणातल्या लोकांना जरा बरं वाटलं असतं. असो. अंगठ्याने घासलं की ते कण चेपतात, पुसले जातात. पान तेच राहतं, पण त्याचा तेवढा तुकडा आता वेगळ्या स्वभावाचा होतो. कोरड्या डोळ्याला हा फरक फारसा दिसत नाही, पाण्याला मात्र लगेच कळतो.

पुढे याच गोष्टीवर मी पोट भरलं. पंधरा वर्षं मी ऑफसेट छपाईच्या प्लेटा तयार करणाऱ्या कारखान्यात काढली. ही प्लेट म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. त्यावर अक्षर कोरलेलं नसतं आणि उठावाचंही नसतं. बोट फिरवलं तर सगळं सपाटच. फरक असतो तो आवडीनिवडीचा. मजकुराच्या जागेवर शाई धरणारा थर असतो, आणि कोऱ्या जागेवर उघडं, मुद्दाम खरबरीत केलेलं, पाणी धरून ठेवणारं ॲल्युमिनियम. मशीनवर प्लेटला आधी पाण्याचा रूळ लागतो, मग शाईचा. पाणी कोऱ्या जागा अडवून बसतं, तेलकट शाईला तिथे थारा मिळत नाही, ती मजकुरावर जाऊन बसते. सकाळी दारात पडणारं वर्तमानपत्र असंच छापलेलं असतं. पाणी कमी पडलं की कोऱ्या जागेत शाई धरून कागद मळतो, जास्त झालं की छपाई फिकी पडते. मशीनमनचं सारं कसब त्या दोघांचा तोल राखण्यात.

हे सगळं मला कामावर पाठ होतं. पण ते आमच्या घरात, भिंतीवर, खिळ्याला टांगलेलं होतं, हे मात्र गेल्या वर्षी गणपतीत कळलं.

आमचं गाव हर्णैपासून फार लांब नाही. इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. भाद्रपदात घरातली प्रत्येक वस्तू ओलसर असते. मीठ पाझरतं, आगपेटी पेटत नाही, कपाटाच्या दाराला फुगवटा येतो. काकूचा पावसाशी जन्माचा करार आहे, ती तक्रार करत नाही. मी चार दिवस आधी गेले, तेव्हा पितळेची पातेली कल्हईला काढलेली होती.

कल्हईवाला आता दुर्मीळ झाला आहे, पण गणपतीच्या आधी एकजण बाजारातून येतो. खळ्याच्या कडेला खड्डा, त्यात कोळसे, भाता. मी लहानपणी बसायची तशी समोर जाऊन बसले. त्याने पहिलंच पातेलं फिरवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "ताई, ह्या परत घासून आना. तेलकट भांड्याला कथिल धरत नाय."

हे वाक्य कुठल्याही प्रयोगशाळेत भिंतीवर लावावं असं आहे. कथिल २३२ अंशांना वितळतं आणि वितळल्यावर तेही एक द्रवच. तापलेल्या पितळेवर हवेमुळे ऑक्साइडचा थर चढलेला असतो, त्यावर कथिल पसरत नाही. गोळ्या होऊन पळतं, अगदी अळवावरच्या पाण्यासारखं. मग तो नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो, नाकात झोंबतो. नवसागर उष्णतेने फुटतो, त्यातून निघणारं आम्ल तो थर खाऊन टाकतं आणि खालचा स्वच्छ धातू उघडा पडतो. त्याच क्षणी कापडाच्या बोळ्याने एक फेरा, की काळपट भांड्याच्या आत चांदणं पसरतं. एखादी जागा कळकट राहिली असेल तर ती तेवढीच काळी राहते, बेटासारखी. त्याला ती जागा आधीच दिसत होती, आम्हाला कथिल फिरल्यावर दिसली.

द्रव पसरेल की गोळा होऊन बसेल, हे कशावर ठरतं याचा पहिला नीट हिशेब टॉमस यंगने १८०५ साली मांडला. हाच तो यंग, ज्याने प्रकाशाच्या लाटा दाखवल्या आणि इजिप्तच्या चित्रलिपीतही डोकं घातलं. थेंबाच्या काठावर तीन ओढी असतात. घन पृष्ठभाग जिथे हवेला भेटतो तिथली, घन पाण्याला भेटतो तिथली, आणि पाणी हवेला भेटतं तिथली. तिघींची रस्सीखेच जिथे तुल्यबळ होते तिथे काठ थांबतो आणि पृष्ठभागाशी एक ठरावीक कोन करतो. स्वच्छ काचेवर हा कोन जवळजवळ शून्य, म्हणजे पाणी सपाट पसरतं. मेणावर तो काटकोनाहून मोठा, साधारण १०५ ते ११० अंश, थेंब कमरेत आत वळलेला. कमळाच्या पानावर १६० च्या आसपास, जवळजवळ पूर्ण गोळी. गंमत म्हणजे यंगने हे सगळं शब्दांत लिहिलं, समीकरण म्हणून नाही. ते नंतरच्यांनी करून घेतलं.

पण यंगचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा आहे. आपल्या घरात असा एकही नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकूने मला तसबिरी पुसायला बसवलं. त्यातली एक लक्ष्मीची. कमळावर उभी, मागे हत्ती, खाली बारीक अक्षरांत रविवर्मा छापखान्याचं नाव. पणजोबांच्या वेळची. चौकट सुटी करून काच बाहेर काढली आणि रिठ्याच्या पाण्याने धुतली, चार-पाचदा स्वच्छ पाण्याने विसळली. काच जुनी, पातळ, म्हणून जोर लावला नाही. उजेडात धरून पाहिली, नितळ. परत बसवून माजघरात, स्वैपाकघराच्या दारावर टांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोदकपात्र चढलं. काकू उकड मळत होती, हाताला तेलपाणी लावून. दारातून वाफेचा लोट माजघरात आला, आणि सहज वर पाहिलं तर लक्ष्मीच्या कपाळावर पांढरा ठिपका. बाकी काच ओली होती, पण आरपार दिसत होती. कपाळावर तेवढी एक टिकली, चार आण्याच्या नाण्याएवढी, धुक्याची. हत्तीच्या गंडस्थळावर आणखी एक, जराशी लहान.

मी स्टूल घेऊन जवळून पाहिलं. भिंगाची गरजच नव्हती, ठिपक्यात शेकडो सूक्ष्म थेंब एकमेकांना न चिकटता बसलेले होते. ठिपक्याच्या बाहेर पाणी एकसंध पातळ थर होऊन पसरलेलं, म्हणून काच पारदर्शक. थेंबांवरून उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून ते पांढरे दिसतात. एकच वाफ, एकच काच, आणि दोन जागी दोन तऱ्हा.

"आजी कुंकू लावायची," काकू आतूनच म्हणाली. "रोज. मेण लावून."

हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आजीच्या पिढीतल्या बायका आधी कपाळाला मेणाचा ठिपका लावत आणि त्यावर कोरडं पिंजर कुंकू टेकवत, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. आजी स्वतःचं झालं की त्याच अनामिकेने लक्ष्मीला लावी, उरलंसुरलं हत्तीला. तिला जाऊन सव्वीस वर्षं झाली. कुंकू केव्हाच खरवडून काढलेलं. मेणाचा थर मात्र काचेवर होता, इतका पातळ की उजेडालाही कळू नये. पाण्याला कळला.

असल्या वाफेच्या चित्रांवर लॉर्ड रॅले यांनी १९११ साली लिहिलं आहे. त्यांनी काचेवरून ज्योतीचं टोक फिरवलं आणि मग काचेवर श्वास सोडला. ज्योत जिथून गेली होती तिथे दव एकसंध पसरलं, आजूबाजूला थेंब-थेंब झालं. काच डोळ्यांना स्वच्छ दिसते म्हणून ती स्वच्छ असतेच असं नाही. बोट लागतं, हवेतला तेलकटपणा बसतो. ज्योतीने तो जाळला की खरी काच उघडी पडते. आमच्याकडे रिठ्याने हे काम केलं. धुतली नसती तर सगळीच काच पांढरी झाली असती आणि ठिपका त्यात हरवला असता.

त्या दुपारी जेवणं आटोपल्यावर मी तसबिरीकडे बघत बसले, तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. काचेच्या मागे जी लक्ष्मी आहे, ती तरी कशाने उमटली? तेल आणि पाण्यानेच.

शिळाछापाचा शोध ॲलॉइस सेनेफेल्डर या म्युनिकच्या नाटककाराने लावला. स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची होती. १७९६ साली घाईत धोब्याच्या कपड्यांची यादी त्याने हाताशी असलेल्या चुनखडीच्या फरशीवर तेलकट शाईने लिहिली आणि त्यातून पुढचं सुचलं, असं त्यानेच सांगून ठेवलं आहे. दोन वर्षांत तो सपाट दगडावरून छापू लागला. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, त्यावर डिंकाचं पाणी आणि जरा आम्ल फिरवायचं. चरबीचा दगडातल्या चुन्याशी साबण होतो, तो पक्का बसतो. कोऱ्या जागी डिंक बसतो, तो पाणी धरतो. मग ओल्या दगडावर शाईचा रूळ. सेनेफेल्डर त्याला 'रासायनिक छपाई' म्हणायचा, आणि ते नाव किती बरोबर होतं हे माझ्यासारखीला कळतं. एका सपाट दगडावर दोन रसायनांची नक्षी, बस. मराठीतलं पहिलं छापील पंचांग १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी असंच शिळाछापावर काढलं. शाईत चरबी असते म्हणून लोक शिवायला कचरत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. तुपाची असो की चरबीची, दगडाला काही फरक पडत नव्हता. त्याला स्निग्ध काहीतरी हवं होतं.

रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, जर्मन तंत्रज्ञ श्लायखरच्या हाती आला. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड. म्हणजे आमच्या लक्ष्मीचा शालू, कमळ, हत्ती, सगळे वेगवेगळ्या ओल्या दगडांवरून एकावर एक बसलेले. आणि काचेच्या या बाजूला माझी आजी, शिळाछापाचं नावही न ऐकलेली, रोज सकाळी अनामिकेने एकाच जागी मेणाचा ठिपका देत होती. मधे फक्त दोन मिलिमीटर काच.

आता जरा गडग्याकडे, म्हणजे शेताच्या हद्दीवरच्या दगडी बांधाकडे. कोकणी माणसाला शेताच्या आत काय पिकतं यापेक्षा गडगा कुठून जातो याची चिंता जास्त, असं आमच्याबद्दल म्हणतात, आणि तालुक्याच्या कोर्टातल्या गर्दीवरून ते खोटं वाटत नाही. थेंब अगदी तसाच असतो. १९४८ साली कॅसी नावाच्या शास्त्रज्ञाने एक हिशेब दिला होता. पृष्ठभागावर दोन तऱ्हेचे ठिगळ मिसळलेले असतील तर ज्याचा जेवढा वाटा, तेवढं त्याचं वजन धरून एकूण कोन काढायचा. बारीक, एकजीव मिसळलेल्या नक्षीला हा हिशेब बरा लागू पडतो. पण २००७ मध्ये अमेरिकेत गाओ आणि मॅकार्थी यांनी एक साधा प्रयोग केला. पाणी न धरणाऱ्या पृष्ठभागावर पाणी धरणारा एक ठिपका, आणि त्यावर ठिपक्याहून मोठा थेंब. ठिपका पूर्ण थेंबाच्या पोटाखाली. वाट्याच्या हिशेबाने कोन बदलायला हवा होता. बदलला नाही. थेंबाच्या पोटाखाली काय आहे ते त्याच्या काठाला कळतच नाही. काठ जिथे टेकला आहे तिथली जमीन कशी आहे, तेवढंच तो बघतो.

आणि काठ गडग्यावर येऊन उभा राहिला की तिथे अडतो. ओल्या बाजूची ओढ त्याला मागे येऊ देत नाही, कोरडी बाजू पुढे जाऊ देत नाही. तुम्ही पाणी घालत राहा, थेंब फुगत जातो, उंच होतो, त्याचा कोन वाढत जातो, पाय मात्र तिथेच. पंचपात्र काठोकाठ भरल्यावर पळीने थेंब थेंब सोडत राहिलं तर पाणी काठाच्या वर फुगून येतं, हा खेळ आम्ही देवघरात आजीच्या पाठीमागे करायचो. तिथे गडगा तांब्याच्या कडेचा असतो, इथे रसायनाचा. एका मर्यादेपलीकडे तो फुटतोच.

१९९९ साली जर्मनीत गाऊ आणि त्याच्या साथीदारांनी पाणी न धरणाऱ्या रबरावर पाणी धरणारे अरुंद पट्टे ओढले आणि त्यावर वाफ जमू दिली. पाणी पट्ट्यांवरच बसलं, लांबलचक सरळ सरी झाल्या. सरी भरत गेल्या. मग कडेचा कोन काटकोनाच्या पलीकडे गेला, तेव्हा सर सगळीकडे सारखी फुगली नाही. एकाच जागी फुगवटा आला, अजगराने कोंबडी गिळल्यासारखा, आणि बाकीची सर बारीक राहिली. शेजारच्या पट्ट्यांचे फुगवटे एकमेकांना टेकले तर पाण्याचा पूल होतो. असले पट्टे वापरून थेंबभर पाण्याची वाहतूक करता येते, नळ्या न लावता. १९९२ मध्ये चौधरी आणि व्हाइटसाइड्स यांनी तर पाणी चढावर नेऊन दाखवलं. सिलिकॉनच्या चकतीवर पाणी नकोसं असण्यापासून हवंसं असण्यापर्यंत हळूहळू उतरत जाणारा थर दिला, चकती १५ अंशांनी तिरकी केली, आणि खाली ठेवलेला थेंब सेकंदाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या चालीने वर गेला. पाण्याला उतार कळतो हे खरं, पण दोन-तीन मिलिमीटरच्या खाली त्याला उतारापेक्षा पृष्ठभागाची माया जास्त.

हे मी काकूला सांगायचा प्रयत्न केला. ती फणस फोडायच्या आधी हाताला आणि कोयतीला खोबरेल लावते, घावन घालायच्या आधी बिड्यावर नारळाच्या शेंडीने तेल फिरवते. कुठे तेल राहिलं नाही तर घावन तिथेच धरतो हे तिला माहीत आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मेण अजून आहे काचेवर."

"आहे."

"सांगायचंस ना मग." आणि तिने स्टूल ओढलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि कपाळाच्या जागी खसाखसा घासलं. त्याच पदराला ती सकाळी मोदक वळताना हात पुसत होती. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं काय होतं ते.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. ऋषीच्या भाजीचं मोठं पातेलं, नव्या कल्हईचं, चुलीवर रटरटत होतं. काकू माजघरात पाटावर बसून अळूची पानं साफ करत होती, आणि वाफ पुन्हा दारातून बाहेर आली. यावेळी ठिपका नव्हता. कपाळापासून हनुवटीपर्यंत, एका बाजूने खांद्यापर्यंत, हात फिरला होता तेवढी सगळी काच पांढरी झाली.

काकूने मान वर करून पाहिलं.

"अगो, आता तर तोंडच झाकून घेतलंन तिने," ती म्हणाली, आणि माझ्यापुढे अळूची जुडी सरकवली. "ही घे. देठं सोल."